खाणीवर २० टन, शिरोलीत १९ टन ४००: सुट्या मालातली घट नक्की जाते कुठं?

शिरोलीकर | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी बघतो. मोल्डिंगला (साचे करायला) आणि कोअरला (साच्यात बसवायच्या गाभ्याला) लागणारी सिलिका वाळू कासार्ड्याहून येते. पोत्यात नाही, सुटी, टिपरच्या हौद्यात. तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा, कळे, मग आपण. घाट बंद असला की फोंड्यानं.

प्रश्न घटीचा आहे. तिकडच्या काट्याची चिठ्ठी २० टनांची असते आणि आमच्याकडं तीच गाडी १९ टन ४०० च्या आसपास भरते. कधी पाचशे किलो कमी, कधी सहाशे. वाळू धुऊन येते, त्यामुळं थोडं पाणी गळणार हे कळतं, पण सहाशे किलो? आमच्याकडं पहिल्यापासून पद्धत अशी की दोनशे किलोपर्यंत सोडायचं आणि त्यावरची घट भाड्यातून कापायची.

गेल्या आठवड्यात जे झालं ते मनातून जात नाही. पंधरा वर्षं आमच्याकडं येणारे एक ड्रायव्हर आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. ५८० किलो कमी भरली. काकांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हौदा बघा, ताडपत्रीची दोरी बघा, मागच्या फाळक्याची फट बघा. गगनबावड्याला चहालासुद्धा उतरलो नाही." मी तरी बाराशे रुपये कापले. ते काही न बोलता गेले.

सुटा माल मागवणारे, पाठवणारे इथं बरेच आहेत. तुम्ही घट किती धरता? आणि ती चोरी आहे की आणखी काही, हे ओळखता कसं?

गाडीमालक_कळे | सोमवार, रात्री १०:१५

साहेब, राग मानू नका, पण बाराशे कापलेत ते चुकलंच. माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, वीस वर्षं कोकणातनं वर माल आणतोय.

एकदा पावसाळा संपल्यावर पहाटे करूळ घाटात उभं राहून बघा. वाळूची गाडी चढाला लागली की हौदा मागं कलतो आणि आत मुरलेलं सगळं पाणी फाळक्याकडं येतं. मागच्या कडेनं धार लागते, बारीक न्हाई, चांगली करंगळीएवढी. घाट संपेपर्यंत ती थांबत न्हाई. मागनं दुचाकीवाला शिव्या घालत असतो. ते पाणी खाणीवर तुमच्या २० टनात मोजलंय आणि शिरोलीत ते गाडीत न्हाई.

आता काट्याचं. रिकामी गाडी तुम्ही परत काट्यावर घेता का? का खाणीच्या चिठ्ठीवर रिकाम्या गाडीचं जे वजन लिहिलंय तेच धरता? तेच धरत असाल तर वाटेत जळलेलं डिझेलसुद्धा आमच्या नावावर घट म्हणून लागतं. तीनशे लिटरची टाकी म्हणजे अडीचशे किलो वजन असतंय. हौद्याच्या कोपऱ्यात ओली वाळू चिकटून राहती, ती फावड्यानं खरवडायला तुमचा माणूस वर चढतो का? चिठ्ठी घेतली तेव्हा गाडीत दोघं होते आणि इथं एकटाच उतरला, हे कुणी बघतं का?

आणि ओव्हरलोडचा दंड लागला तर तिथं पाणी वेगळं आणि वाळू वेगळी असं कुणी धरत न्हाई. २० हजार, वर जादाच्या दर टनाला २ हजार. पाणी आम्हीच वाहायचं, त्याचा दंड आम्हीच भरायचा आणि ते सांडलं म्हणून भाडंही आमचंच कापायचं.

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १०:३१

वरच्या प्रतिसादाला +१. माझे वडील ड्रायव्हर होते. घट कापली की त्या दिवशी घरात कुणी फारसं बोलत नसे.

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:५०

कळेकर, राग कसला मानू, बरोबर बोललात. रिकामी गाडी आम्ही परत काट्यावर घेत नाही, चिठ्ठीवरचंच वजन धरतो. उद्यापासून घेतो.

उसाचा_फड | मंगळवार, सकाळी ६:२०

आम्हा शेतकऱ्यांचा मालही सुटाच की. ऊस तुटला की त्याचं वजन तासातासाला उतरतं. गाडी कारखान्याच्या रांगेत दीड-दोन दिवस उभी राहिली तर वाळलेला ऊस काट्यावर जातो आणि काटा घेणाऱ्याचाच असतो. तुमच्या धंद्यात निदान दोन टोकांना दोन काटे आहेत, दोन्ही चिठ्ठ्या समोरासमोर ठेवता येतात. आम्हाला बाहेरच्या काट्यावर वजन करून मग आत जाऊ द्या, या साध्या मागणीसाठी रस्त्यावर उतरावं लागलं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

डेकवरचा_कोल्हापुरी | मंगळवार, दुपारी १:०५

मी मूळचा भुदरगडचा, बल्क कॅरियर जहाजांवर चीफ ऑफिसर आहे. सध्या सुट्टीवर घरी आहे म्हणून सविस्तर लिहितो. सुटा माल हेच माझं काम: लोहखनिज, कोळसा, बॉक्साइट, गहू, खत. पोतं नाही, खोकं नाही, थेट जहाजाच्या पोटात ओतायचा.

शिरोलीकर, तुमच्या टिपरला आणि आमच्या ५० हजार टनी जहाजाला एकच गोष्ट लागू आहे. सुटा माल कधी एकटा नसतो. त्यात पाणी असतं, हवा असते आणि दोन्ही वाटेत जागा बदलतात. तुमच्याकडं त्यामुळं हिशोब बिघडतो. आमच्याकडं माणसं जातात.

बारीक खनिज ओलं असलं तरी भरताना घट्ट दिसतं, त्यावरून चालता येतं. जहाज निघालं की इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे यांनी दाणे खाली बसत जातात, मधल्या फटी आवळतात. फटीतल्या पाण्याला जायला वाट उरत नाही, त्याचा दाब वाढतो आणि एका क्षणी दाणे एकमेकांवर टेकायचे थांबतात. कालपर्यंत ज्याच्यावरून चाललो तो ढीग चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका बाजूला कललं की माल तिकडं जातो आणि जहाज परत यायला लागलं तरी माल मागं येत नाही. पुढच्या दोन-चार हेलकाव्यांत सगळं संपतं.

२००९ च्या पावसाळ्यात आपल्याच देशातून बारीक लोहखनिज घेऊन निघालेली दोन जहाजं अशी बुडाली: जुलैमध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’, सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. आणि २ जानेवारी २०१५ ला ‘बल्क जुपिटर’. मलेशियातल्या कुआंतानहून ४६,४०० टन बॉक्साइट घेऊन निघालं होतं. १९ खलाशांपैकी १८ गेले. त्याआधी बॉक्साइट हा तसा निर्धोक माल मानला जायचा. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर जो तांबडा दगड निघतो तोच हा. लहानपणापासून आमच्या रस्त्यानं त्याच्या गाड्या जाताना बघत आलोय. हा माल बुडवू शकतो असं कधी मनातही आलं नव्हतं.

म्हणून सुट्या खनिजासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक. ओलावा किती झाला की माल वाहू लागतो ते प्रयोगशाळेत काढतात आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. कागद माल पाठवणाऱ्यानं द्यायचा. पण कागदावर विसंबून कुणी शहाणा अधिकारी झोपत नाही. आम्ही डेकवर डब्याची चाचणी करतो. अर्धा-एक लिटरचा पत्र्याचा डबा घ्यायचा, निम्मा मालानं भरायचा आणि वीतभर उंचीवरून कडक जमिनीवर आपटायचा, सेकंद-दोन सेकंदांच्या अंतरानं २५ वेळा. मग वरून बघायचं.

पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात ऐन जूनमध्ये मी ही चाचणी केली होती. पंधराव्या आपटीपर्यंत काही नाही. विसाव्याला वरचा भाग गुळगुळीत झाला. पंचविसाव्याला डब्यात माझ्या टॉर्चचा उजेड चमकला: वर पाण्याचा थर आला होता. मी भरणं थांबवलं. माल पाठवणाऱ्यांचा माणूस दोन तास माझ्या केबिनमध्ये बसून होता, रोजचं नुकसान किती ते सांगत होता. कॅप्टन माझ्या बाजूनं उभे राहिले. तो माल उतरवला. (डबा कोरडा दिसला म्हणजे माल नक्की सुरक्षित, असं मात्र नाही. ओला दिसला तर थांबायचंच, एवढंच तो सांगतो.)

आता घटीबद्दल. जहाजावरचा माल आम्ही काट्यावर नाही, जहाज पाण्यात किती बसलं त्यावरून मोजतो. पुढं, मध्ये, मागं, दोन्ही बाजूंनी असे सहा ठिकाणचे आकडे वाचायचे, समुद्राच्या पाण्याची घनता काढायची, टाक्यांतलं पाणी-तेल वजा करायचं. एवढं नीट करूनही अर्धा टक्का इकडं-तिकडं धरतात. ५० हजार टनांवर तो अडीचशे टन होतो. त्याला कुणी चोरी म्हणत नाही, कारण मोजमापाची मर्यादा करारात आधीच मान्य केलेली असते. तुमच्याकडं मर्यादा कुणी ठरवली? दोनशे किलो हा आकडा कुठून आला?

शिरोलीकर | मंगळवार, दुपारी २:४०

वडिलांच्या काळापासून चालत आलाय. कुठून आला ते मलाही सांगता येत नाही.

लॅबवाली_गोकुळशिरगाव | मंगळवार, सायंकाळी ७:१०

मी एका फौंड्रीत वाळूची तपासणी करते. शिरोलीकर, तुम्ही वजनं दोन करता पण ओलावा एकदाही मोजत नाही, म्हणून ही घट चोरीसारखी दिसते.

कोरडी वाळू वाटेत कमी होत नाही, सांडली तरच होते. कमी होतं ते पाणी. म्हणून दोन्ही टोकांच्या कोरड्या वजनाची तुलना करा. समजा खाणीवर २० टनात ८ टक्के पाणी आहे. म्हणजे कोरडी वाळू १८ टन ४००. तुमच्या दारात पाणी ५ टक्के उरलं तर तीच १८ टन ४०० कोरडी वाळू काट्यावर १९ टन ३७० दाखवेल. ६३० किलोची घट झाली आणि वाळूचा एक दाणा हरवला नाही.

हे मोजायला मोठी लॅब लागत नाही. घरातली लोखंडी कढई, गॅस आणि ग्रॅममध्ये दाखवणारा लहान काटा, बस्स. ५०० ग्रॅम वाळू मोजून कढईत घाला, मंद आचेवर उलथन्यानं हलवत राहा. आधी वाफ येते, मग वाळू उलथन्याला चिकटायची थांबते आणि कोरड्या वाळूचा सरसर आवाज येतो. वर काचेचा तुकडा धरा. त्यावर वाफ धरली नाही की झालं. गार करून परत मोजा. ४६० भरली तर ४० ग्रॅम पाणी, म्हणजे ८ टक्के. घाई असेल तर कार्बाइडच्या पावडरीचं लहान यंत्र मिळतं. पाण्याशी पावडरीचा संयोग होऊन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून तीन-चार मिनिटांत ओलावा कळतो.

नमुना कुठून घेता यावर मात्र सगळं आहे, इथं लोक हमखास चुकतात. हौद्यावर चढून हाताला येईल ती वरची मूठ उचलली तर ती वाऱ्यानं वाळलेली असते. फाळक्याजवळची घेतली तर ती चिंब. पाच-सहा ठिकाणी हातभर खोल जाऊन घ्या, सगळी एकत्र करून ढीग करा, दाबून सपाट करा, चार वाटे करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. परत मिसळा, परत चार वाटे. शेवटी किलोभर उरते, तो तुमचा नमुना. आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. उघड्या पिशवीत ठेवून जेवायला गेलात तर मेहनत फुकट.

आणखी एक. ते पाणी तुमच्या कोअर शॉपमध्येही त्रास देतं. नो-बेक (न भाजता रेझिननं घट्ट होणाऱ्या) कोअरला ओली वाळू चालतच नाही, रेझिन नीट धरत नाही, कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वायूची भोकं, येतात. म्हणजे पाण्याचे पैसे द्यायचे, त्याचं भाडं द्यायचं आणि शेवटी ड्रायरमध्ये इंधन जाळून तेच पाणी उडवायचं. घाटात गळून गेलं ते एका अर्थी बरंच झालं.

रंकाळा_संध्याकाळ | मंगळवार, रात्री ८:०२

वाचनखूण साठवली. लॅबवाली ताई, दंडवत.

बांधकामवाला | मंगळवार, रात्री ९:३०

आम्ही टनानं नाही, ब्रासनं घेतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. टनानं घेतली की पाणी विकत येतं हे खरं, पण ब्रासनं घेणाऱ्यांनी खूश होऊ नये. दमट वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, तो दाण्यांना एकमेकांपासून दूर धरतो. पाच-आठ टक्के ओलाव्याला वाळूचं आकारमान २०-३० टक्के वाढतं. हौदा काठोकाठ दिसतो आणि आत वाळू कमी.

बघायचं असेल तर सरळ उभ्या बाजूंच्या काचेच्या बरणीत दमट वाळू न दाबता २० सेंटिमीटरपर्यंत भरा. मग वाळू बुडेपर्यंत पाणी घाला आणि काडीनं ढवळा. वाळू बसत बसत १६ वर येते. १६ सेंटिमीटर वाळूचे तुम्ही २० सेंटिमीटरचे पैसे दिले. मी हे साइटवर माझ्या सुपरवायझरला करून दाखवलं तेव्हापासून तो ओल्या गाडीचं माप घेताना बरणी घेऊनच हौद्यावर चढतो.

मळी_बगॅस | मंगळवार, रात्री १०:११

साखर कारखान्याच्या डिस्पॅचला होतो. बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं पाणी असतं, गिरणीतून बाहेर पडतानाच ५० टक्क्यांच्या आसपास. ढिगावर पडून राहिला की वाळतो. त्यामुळं पेपर मिलला बगॅस विकताना ओलाव्याशिवाय वजनाची भाषाच नव्हती. वाळूवाले अजून नुसत्या वजनावर व्यवहार करतात याचं आश्चर्य वाटतं.

लक्ष्मीपुरी_कट्टा | बुधवार, सकाळी ९:२५

एक बाळबोध प्रश्न: गुळाला रवा (ढेप) आहे, साखरेला पोतं आहे, मग वाळू पोत्यात का नाही मागवत? वादच मिटेल.

शिरोलीकर | बुधवार, सकाळी १०:०५

सुकवलेली वाळू टनाच्या जंबो बॅगेत मिळते, कोअरसाठी थोडी घेतोही. पण बॅगेची किंमत, भरायची मजुरी, इथं उतरवायला फोर्कलिफ्ट किंवा क्रेन, शिवाय बॅगा परत पाठवायचा घोळ. मोल्डिंगला रोज लागणारी वाळू तशी घेतली तर परवडत नाही. टिपर मागं येतो, हौदा उचलतो, पाच मिनिटांत मोकळा. स्वस्ताई त्या पाच मिनिटांतच आहे.

हिशोबनीस | बुधवार, दुपारी १२:३०

करारात काय लिहायचं ते सांगतो. ओलाव्याचा पाया ठरवा, समजा ५ टक्के. त्यावर ओलावा आला तर पैसे द्यायचं वजन असं काढा: काट्यावरचं वजन गुणिले (१०० वजा प्रत्यक्ष ओलावा) भागिले ९५. ओलावा कमी आला तर वजन वाढू द्या, मगच विकणारा मान्य करेल. नमुना दोघांसमक्ष घ्यायचा, त्याचे दोन डबे करायचे, दोन्हीवर सह्या. वाद झाला तर दुसरा डबा फोडायचा. आणि भाडं भरलेल्या वजनावर द्या. पाणी असो की वाळू, घाट गाडीनं चढवलाय.

गाडीमालक_कळे | बुधवार, दुपारी १:१५

शेवटचं वाक्य आमच्या संघटनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतोय.

शिरोलीकर | पुढचा मंगळवार, रात्री ९:५०

आठ दिवस मुद्दाम थांबलो, करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

शुक्रवारी माझा माणूस घट्ट झाकणाचे डबे घेऊन खाणीवर गेला. भरलेली गाडी, नक्त वजन २० टन १५० किलो. सहा ठिकाणचा नमुना, चार वाटे, सगळं ताईंनी सांगितलं तसं. कढईत ५०० ग्रॅमची ४६१ झाली. ओलावा ७.८ टक्के. संध्याकाळी तीच गाडी आमच्या दारात. या वेळी रिकामी गाडीही काट्यावर घेतली. नक्त १९ टन ५६०. म्हणजे जुन्या हिशोबानं ५९० किलोची घट, दोनशे सोडून ३९० चे पैसे कापले असते. कढईत या वेळी ५०० ची ४७४ झाली. ओलावा ५.२.

कोरडं वजन खाणीवर १८ टन ५७८, शिरोलीत १८ टन ५४३. फरक ३५ किलो. आमचा काटा दहा किलोच्या पायरीनं दाखवतो. हौद्याच्या कोपऱ्यांतून खरवडलेली वाळूच दोन घमेली निघाली, आणि ती आम्ही रिकाम्या गाडीचं वजन झाल्यावर काढली होती.

त्या रात्री जुनं वहीखातं काढलं. गेल्या दोन वर्षांत कापलेली घट गाडीवार मांडली. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत घट जास्त, एप्रिल-मेमध्ये जवळजवळ नाहीच. इतकं उघड होतं आणि मी एकदाही तारखा बघितल्या नव्हत्या. गाडी कुणाची आहे तेवढंच बघत होतो.

काकांचे बाराशे आणि मागचे असे सगळे मिळून पैसे रविवारी त्यांच्या घरी जाऊन दिले. घ्यायला तयार नव्हते. काकूंनी घेतले. बाकीच्या तीन ड्रायव्हरांचेही या महिन्यात देतोय. खाणवाल्याला हिशोबनीसांचं सूत्र पाठवलं. आधी नाही म्हणाला, मग म्हणाला धुतलेली वाळू एक रात्र ढिगावर निथळू देतो आणि ६ टक्क्यांच्या पायावर मान्य करतो. मी हो म्हणालो. दर गाडीला दीड टनाहून जास्त पाणी विकत घेत होतो, त्यातलं बरंच आता तिकडंच निथळेल.

आज काका गाडी घेऊन आले. हौदा उचलायच्या आधी स्वतःच डबा घेऊन वर चढले, हातभर खोल खणून सहा ठिकाणची वाळू काढली. मग ऑफिसच्या मागं गॅसपाशी बसून उलथनं त्यांनीच फिरवलं. वाळू सरसर वाजायला लागल्यावर म्हणाले, "झाली बघा." काचेवर वाफ नव्हती. ४७६ भरली.

लॅबवाली_गोकुळशिरगाव | पुढचा मंगळवार, रात्री १०:२०

४.८ टक्के. छान निथळलीय. कढई दर वेळी कोरडी पुसून घ्या, आणि वाळू गार झाल्याशिवाय काट्यावर ठेवू नका.

गाडीमालक_कळे | पुढचा मंगळवार, रात्री १०:४५

काकांना माझा नमस्कार सांगा. आणि तुमची उद्याची गाडी सकाळी लवकर सोडायला सांगा, दुपारनंतर घाटात धुकं उतरतंय.